जुन्या गाडीला पेट्रोल पोचत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

जळगावहून चोपड्याला जुन्या मोटरसायकलवर निघालो होतो. मे महिना, दुपारचा दीड. विदगावजवळचा तापीचा पूल ओलांडून धानोऱ्याकडे लागलो आणि गाडीनं दोन-तीन आचके देऊन दम सोडला. दहा मिनिटं निंबाखाली उभा राहिलो, किक मारली, चालू. चार किलोमीटरवर पुन्हा तेच. आदल्या पंधरवड्यात कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) दोनदा साफ करून झाला होता, त्यातला मेन जेटही (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) नवा टाकला होता. कशीबशी अडावदपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रीनं पान्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "भाऊ, पयले टाकीनं झाकन खोल." टाकीचं झाकण खोललं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडाच ठेवून अर्धा मिनिट थांबलो, पहिल्या किकला गाडी चालू.

झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं, तेवढीच हवा टाकीत वरून शिरावी लागते. ती शिरली नाही की पेट्रोल थबकतं. गाडी उभी राहिली की हवा कुठून तरी झिरपते, म्हणून ती परत चालू होते, आणि आपण म्हणतो, "कार्बोरेटर नखरे करतोय." आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि झाकणावर ओघळलेलं पेट्रोल यांचा जो चिकटा होतो, त्याला हे भोक बुजवायला दोन उन्हाळे पुरतात.

म्हणजे पहिली चूक हीच: खालून सुरुवात करणं. या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो, पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली येतं. त्याची वाट अशी: झाकण, टाकी, कॉक, जाळी, पाइप, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) सुई, जी वाटी भरली की पेट्रोल अडवते, वाटी (कार्बोरेटरच्या तळाचं पेट्रोलचं भांडं) आणि मग जेट. शोधही याच क्रमानं घ्यायचा.

त्याच्याही आधी प्लग पाहा. चोक ओढून आठ-दहा किका मारा आणि प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येतंय, आधी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी तपासा. करंट देणारी कॉइल गेलेल्या गाडीचा कार्बोरेटर चार वेळा धुतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला एक मी.

प्लग कोरडा निघाला तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. इंजिन गार असू द्या, आणि बिडी ओढणाऱ्या काकांना जरा लांब बसवा. सलग धार पडली तर वरचा रस्ता साफ आहे. थेंबथेंब पडलं तर झाकण उघडून पुन्हा पाहा. धार वाढली तर दोष झाकणात, तशीच राहिली तर कॉकच्या जाळीत किंवा पाइपात. टाकी अर्धी भरलेली असताना गाडी 'ऑन'वर बंद पडते आणि 'रिझर्व्ह'वर चालते, असं असेल तर कॉकची उंच नळी चोंदली आहे. यावर उपाय म्हणून कॉक कायमचा रिझर्व्हवर ठेवणारे पुष्कळ. मग पेट्रोल संपताना इशारा मिळत नाही, आणि तळाचा गंज, पाणी हे सगळं आधी कार्बोरेटरात येतं.

बाटली तशीच पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा धरतं. केळीच्या हंगामात गाडी महिनाभर शेडात उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. नाहीतर आपल्या ४५ अंशांच्या उन्हात वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये डिंकासारखा थर उरतो.

आता ती खास आपली चूक: जेटमध्ये तार घालणं. क्लच केबलचा एक तंतू घेऊन स्लो जेट (आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालताना लागणारा जेट) "मोकळा" करायचा, ही विद्या गावोगावी आहे. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. स्टीलच्या तारेनं ते जरासं जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो, एव्हरेज घसरतो, आणि ते परत लहान करता येत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. नाहीच निघालं तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा, किंवा ब्रशचा नायलॉनचा केस घाला. आणि तो क्लीनर रबरी ओ-रिंगवर मारू नका. ती फुगते, मग जागेवर बसत नाही.

कोणता जेट, हे गाडीच सांगते. आयडलिंग धरत नाही, चोकवरच चालते, पण रेस केल्यावर बरी असते: स्लो जेट. आयडलिंग झकास, पण पूर्ण रेसला दम सोडते: मेन जेट, किंवा वाटीत पुरेसं पेट्रोलच भरत नाही.

उलटा प्रकार म्हणजे पेट्रोल ओव्हर होणं, वाटी भरून बाहेर सांडणं. कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईखाली बहुतेक कचरा अडकलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीला हलके दोन ठोके द्या, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळलं तर फ्लोट फुटला. अशी गाडी रात्रभर कॉक उघडा ठेवून उभी असेल, तर किक मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करू नका.

एअर स्क्रू (आयडलिंगला हवेचं प्रमाण ठरवणारा) फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत तो दीड ते दोन फेऱ्यांच्या आसपास निघतो. टेकल्यावर जोर लावला तर टोक चेपतं. सेटिंग गरम इंजिनवरच करायची.

पाइप बदलताना लांब घेऊन वर कमान करू नका, कमानीत हवा अडकते. स्वस्तातला जाड फिल्टर मधे बसवला तरी धार कमी होते. कॉकची जाळी नीट असेल तर त्या फिल्टरची गरज नसते. आयडलिंग वर जाऊन खालीच येत नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधली ओ-रिंग पाहा. इंजिन तिथूनही हवा चोरतं, आणि तिथले दोन नट करकचून आवळले तर कार्बोरेटरची कड वाकते.

शेवटचं, कार्बोरेटरच्या सुट्या भागांच्या किटबद्दल. बाजारच्या किटमधल्या जेटचा नंबर जुन्या जेटशी ताडून पाहा, आणि मूळचा जेट फेकू नका. अडावदच्या मिस्त्रीनं सायकलच्या पंपानं झाकण फुंकलं आणि दहा रुपये घेतले. घरी आल्यावर मी नवा जेट काढला, जुनाच परत बसवला.