घोडी व्याल्यावर पहिले दोन तास मायलेकरांमध्ये पडू नका

माघ ते चैत्र हे घोड्या विण्याचे दिवस. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर थोरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्या जानेवारीपासूनच विऊ लागतात. मारवाडी, काठियावाडी, भीमथडी घोड्यांचा भर थोडा पुढे, उन्हाळ्याच्या तोंडावर असतो. गाभणकाळ साधारण 340 दिवसांचा, पण 320 ते 365 दिवसांत केव्हाही व्याली तरी ते नेहमीचेच. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरले की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात, आणि त्याही रात्री.

सारंगखेड्याच्या बाजारातून गाभण घोडी आणली असेल तर विण्याच्या किमान चार आठवडे आधी ती तुमच्या तबेल्यात रुळलेली हवी. तुमच्या तबेल्यातल्या जंतूंविरुद्धची ताकद तेव्हाच चिकात उतरते. धनुर्वाताची लसही याच सुमारास, विण्याआधी चार ते सहा आठवडे द्या.

घोडी जवळून शिंगराला ओळखते ती वासावर. लांबून आवाज आणि रूप कामी येते. शिंगरू बाहेर पडले की ती ओले अंग हुंगते, वरचा ओठ उचलते, चाटू लागते. पाणमोटीच्या पाण्याचा वास याच वेळी तिच्या डोक्यात बसतो. शिंगराचे मात्र तसे नसते. आई कोणती हे पक्के कळायला त्याला काही दिवस लागतात. तोवर ते भिंतीकडे, माणसाकडे, शेजारच्या घोडीकडे, जे मोठे आणि हलते दिसेल त्याच्याकडे जाते. म्हणून पहिला आठवडा मायलेकरांना इतर घोड्यांपासून वेगळे ठेवा. विण्याच्या बेतात असलेली दुसरी घोडी परके शिंगरू आपलेसे करू पाहते, आणि खऱ्या आईला जवळ येऊ देत नाही.

विण्याची चिन्हे दिसली की अगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधायचे दोर) सोडा. बांधलेल्या घोडीला मागे वळून चाटता येत नाही, आणि शिंगरू दोरात अडकते. जागा निदान 12 बाय 12 फूट, खाली कोरडा पेंढा. लाकडाचा भुसा नको, ओल्या नाकपुड्यांना चिकटतो. शिंगरू पुसून कोरडे करण्याची घाई करू नका. नाकातोंडावरचे आवरण तेवढे काढा. कास धुवायची तर साध्या कोमट पाण्याने. फिनाईलने जमीन धुणे, हळदकुंकू लावणे, गल्ली गोळा करून शिंगरू दाखवणे, हे सगळे दुसऱ्या दिवशी करा. नाळ कापू नका. घोडी उठताना ती आपोआप तुटते. मग उरलेले टोक 0.5 टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवा (2 टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भागाला तीन भाग पाणी), आणि दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन दिवस.

घड्याळ मात्र जवळ ठेवा. तासाभरात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत जार (वार) पडावा. यातले काहीही चुकले तर डॉक्टरांना बोलवा. लोंबणारा जार ओढू नका. पाय पडू नये म्हणून गाठ मारून वर बांधा. जार पडेपर्यंत पाजायचे नाही ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. घोडीच्या पोटातून शिंगराला रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, सगळी चिकातून येते. ती शोषण्याची आतड्याची क्षमता 12 तासांनंतर झपाट्याने घटते आणि दिवसभरात संपते. शिवाय पाजल्याने जार पडायलाही मदतच होते. पहिल्या सहा तासांत देशी शिंगराला सुमारे 1 लिटर, थोरोब्रेडला दीडपर्यंत चीक पोटात जायला हवा. शिंगरू कासेखाली आहे म्हणजे पितेच असे नाही. कास ताठ आणि कपाळावर दुधाचे ओघळ सुकलेले दिसले, तर ते नुसते धडपडते आहे असे समजा. शंका असेल तर 12 ते 24 तासांच्या दरम्यान शिंगराच्या रक्तातील आयजीजी (चिकातून आलेली प्रतिपिंडे) तपासून घ्या. 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर उत्तम.

पहिलारू घोडी कधी कधी पाजत नाही. कारण ओळखा, उपाय त्यावर आहे. कास दाटून दुखत असेल तर कोमट फडक्याने शेकून थोडे दूध हाताने काढा. गुदगुल्या झाल्यासारखी हिसडत असेल तर एकाने म्होरकी धरावी, दुसऱ्याने शिंगरू लावावे; दोन-तीन दिवसांत ती सरावते. अशा घोडीच्या कासेला विण्याआधी दोन-तीन आठवडे रोज हात लावत गेलात तर ही वेळच येत नाही. नुसते कान पाडले किंवा हलकेच दटावले तर घाबरू नका. मात्र मानेला, पाठीला धरून चावली, झटकले, तर शिंगरू तत्काळ वेगळे करा. हा राग वाट पाहून जात नाही. आडव्या दांड्याच्या आडून पाजा आणि गुंगीच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

आई दगावली तर आधी दुसऱ्या घोडीचा चीक मिळवा. गोठवलेला असेल तर कोमट पाण्यात वितळवा, उकळू नका. गाईचे दूध द्यायचे तर कमी स्निग्धांशाचे, लिटरमागे 20 ग्रॅम साधी डेक्स्ट्रोज पावडर घालून. साखर घालू नका, हगवण लागते. पहिल्या दिवशी वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 40 किलोला 4 लिटर, दर एक-दोन तासांनी थोडे थोडे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे शिंगरू गमावलेली घोडी. तिचे मेलेले शिंगरू लगेच हलवू नका. पोरके शिंगरू आणल्यावरच ते काढा आणि तिचाच जार नव्या शिंगराच्या पाठीवर, शेपटीखाली चोळा. जार नसेल तर घोडीच्या नाकपुड्यांना आणि शिंगराच्या अंगाला व्हिक्स लावा, दोन्ही वास एकच होतात. शिंगरू भुकेलेले असावे, पण मलूल नको. काही घोड्या काही तासांत स्वीकारतात, काहींना तीन दिवस लागतात. शिंगरू दूर नेताच ती खिंकाळू लागली, माणूस आणि शिंगरू यांच्यामध्ये आडवी येऊ लागली, की तिने पत्करले. तोपर्यंत रात्री दोघांना एकटे सोडू नका.