युजरनं काहीही टाईप केलं तरी प्रोग्राम पडू नये म्हणून लूप कसा लावायचा

पायथन शिकायला लागलं की मार्क विचारून 35 किंवा जास्त असले तर पास छापणारा प्रोग्राम जवळपास सगळेच लिहितात. आपण स्वतः 72 टाकतो, मस्त चालतं, मग कोणीतरी "बहात्तर" असं अक्षरात लिहितं किंवा नुसतंच एंटर दाबतं आणि स्क्रीनभर लाल एरर. एक इफ लावून भागत नाही, कारण माणूस दुसऱ्यांदाही चुकीचंच टाकू शकतो ना. म्हणून लूप, म्हणजे तोच कोड परत परत चालवणं.

आधी एवढं डोक्यात ठेवा की पायथन 3 मध्ये इनपुट कायम स्ट्रिंगच (नुसता मजकूर) देतं, 72 टाईप केलं तरी. त्याचा पूर्णांक इंट करतं, आणि ते जमलं नाही की व्हॅल्यूएरर नावाचा एरर येतो. तो ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडायचा, म्हणजे ट्रायखालचं करून बघायचं आणि एरर आला तर एक्सेप्टखालचं चालतं. पायथनमध्ये डू-व्हाईल (आधी एकदा चालून मग अट बघणारा लूप) नाही, त्यामुळे व्हाईल ट्रू हा न थांबणारा लूप लावायचा आणि उत्तर पटलं की ब्रेक मारून बाहेर पडायचं; कंटिन्यू म्हणजे परत लूपच्या सुरुवातीला. साचा असा (व्हाईल, ट्राय, इंट, इनपुट, प्रिंट वगैरे पायथनचे शब्द अर्थातच इंग्रजीत टाईप करा):

व्हाईल ट्रू:
    ट्राय:
        मार्क = इंट(इनपुट('मार्क टाका: '))
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट('आकड्यात लिहा, उदा. 72')
        कंटिन्यू
    इफ 0 <= मार्क <= 100:
        ब्रेक
    प्रिंट('0 ते 100 मधलेच मार्क चालतात')

एक्सेप्टच्या पुढे व्हॅल्यूएरर लिहायचा आळस करू नका. नुसतं एक्सेप्ट लिहिलं तर कंट्रोल-सी सुद्धा त्यातच अडकतं, मग प्रोग्राम बंद करायला अख्खी विंडोच बंद करायची वेळ येते. आणि मेसेज दोन वेगवेगळे ठेवलेत ते मुद्दाम, "चुकीचं इनपुट" एवढंच छापलं तर समोरच्याला कळणार काय?

आता ब्रेकची अट. बरेच जण उलटं लिहितात, म्हणजे 0 पेक्षा कमी किंवा 100 पेक्षा जास्त असेल तर परत विचार, नाहीतर बाहेर पड. पूर्णांकाला चालून जातं, पण अर्धे मार्क हवेत म्हणून इंटच्या जागी फ्लोट (दशांश आकडा) केलं की भोक पडतं, कारण फ्लोटला "नॅन" हा शब्द (इंग्रजीत एन-ए-एन, म्हणजे "आकडाच नाही") चालतो आणि नॅन कशाहीपेक्षा लहानही नसतो, मोठाही नसतो, त्यामुळे दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि तो खुशाल आत येतो. बरोबर उत्तराचीच अट घातली की तो आपोआप बाहेर राहतो. म्हणून माझं मत, काय चालत नाही याची यादी करत बसू नका, काय चालतं तेवढंच लिहा.

हो-नाही विचारतानाही हेच. "उत्तर हो नाहीये ऑर उत्तर नाही नाहीये, तोपर्यंत फिर" ही अट कायम खरीच असते, एकच उत्तर दोन्ही कसं असणार, मग लूप थांबतच नाही. तिथे अँड पाहिजे, किंवा सरळ उत्तर यादीत आहे का ते इन या शब्दानं बघा. त्याआधी स्ट्रिप आणि लोअर लावून मागच्यापुढच्या स्पेस आणि कॅपिटल अक्षरं घालवा.

काही जण ट्रायऐवजी इजडिजिट (स्ट्रिंगमध्ये सगळे अंकच आहेत का ते बघणारं) सुचवतात. ते -5 ला आकडा मानत नाही, 3.5 ला पण नाही, आणि वर्गाचं छोटं ² मात्र आकडा धरतं, ज्यावर इंट लगेच आपटतं. मोबाईल नंबर किंवा पिनकोड असेल तर गोष्ट वेगळी, ते स्ट्रिंगच ठेवायचे आणि लांबी मोजायची, त्यांची बेरीज कोण करतंय.

झालं की टेस्ट करा: रिकामं एंटर, स्पेस, -1, 0, 100, 101, 72.5, आणि देवनागरी ७२ पण टाकून बघा, पायथन ते बिनतक्रार 72 घेतो.

कॉलेजात सी भाषा चालू असेल तर लूप हाच पण एक काम जास्त. स्कॅनएफला (सीमधलं इनपुट वाचणारं फंक्शन) आकड्याच्या जागी अक्षर मिळालं तर ते बफरमध्ये, म्हणजे टाईप केलेलं वाचायचं थांबलेलं असतं तिथे, तसंच पडून राहतं, पुढच्या फेरीत परत तेच वाचलं जातं आणि मेसेजचा धबधबा सुरू होतो. स्कॅनएफनं 1 परत दिला का (म्हणजे एक आकडा नीट वाचला का) ते तपासा, नसेल तर न्यूलाईन (ओळीचा शेवट) किंवा ईओएफ (इनपुटच संपलं) येईपर्यंत एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरनं उरलेली ओळ वाचून टाका आणि मगच परत विचारा.