पाइपचा निवांतपणा खरा किती आणि महाग किती: हिशेब मांडायची रीत

तंबाखूचा पाइपही घातकच, असं म्हटलं की ‘आम्ही धूर छातीत घेत नाही,’ हे पाइप ओढणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. सिगरेटचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो फुप्फुसापर्यंत ओढावा लागतो. पाइप आणि सिगारचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. त्यामुळे धूर न गिळताही तलफ भागते आणि व्यसनही जडतं. शिवाय ओठ, जीभ, घसा आणि स्वरयंत्र धुराच्या वाटेवर राहतातच. पूर्वी सिगरेट ओढून मग पाइपकडे वळलेले तर सवयीने बहुधा धूर आत घेतात; त्यांनी हे उत्तर देऊच नये.

आधी शरीराला मोजाव्या लागणाऱ्या किमतीची बाजू. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या १९८२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत फक्त पाइप ओढणाऱ्या पुरुषांची तुलना कधीच तंबाखू न घेतलेल्यांशी केली गेली. २००४ मध्ये आलेले निष्कर्ष असे: स्वरयंत्राच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १३ पट, फुप्फुसाच्या कर्करोगाने ५ पट, तोंड-घशाच्या कर्करोगाने जवळपास ४ पट, दम्यासारख्या दीर्घकालीन श्वसनविकाराने सुमारे ३ पट. हृदयविकाराचा धोका मात्र ‘फक्त’ ३० टक्क्यांनी जास्त. इथे बहुतेक लोक फसतात. स्वरयंत्राचा कर्करोग मुळात कमी आढळतो, हृदयविकार घरोघरी आहे. त्यामुळे १३ पटीचा आकडा दचकवतो खरा, पण ते ३० टक्के कमी बळी घेतात असं समजू नका. सिगरेटच्या तुलनेत हे धोके साधारणपणे कमी आहेत, हेही खरं. पण तुलना सिगरेटशी का करायची? पाइप न ओढणं हाही पर्याय असतोच.

आता स्वतःची नोंद. आठवडाभर वहीत चार गोष्टी लिहा: किती वेळा पाइप भरला, उठल्यावर किती मिनिटांनी पहिला पेटवला, धूर आत गेला का, आणि पेटवण्याआधी मनाची अवस्था कशी होती. एका भरणीत पाइपच्या आकारानुसार साधारण १ ते ३ ग्रॅम तंबाखू बसते. सिगरेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी असते. ‘दिवसाला दोनच’ म्हणताना हे वजन ध्यानात ठेवा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पाइप लागत असेल, तर त्याला छंद म्हणायची वेळ गेली.

निवांतपणाची बाजू तपासायची तर नाडी मोजा. पाच मिनिटं स्वस्थ बसून मनगटावर १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. पाइप संपल्यावर पुन्हा मोजा. मन शांत वाटत असताना आकडा बहुधा चढलेला दिसेल, कारण निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. मग शांत वाटतं कशामुळे? निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. त्यातून चिडचिड, अस्वस्थता सुरू होते आणि पुढचा झुरका ती मिटवतो. म्हणजे त्या आरामाचा मोठा भाग तंबाखूनेच निर्माण केलेल्या बेचैनीवरचा उतारा असतो.

पण सगळाच नव्हे. तंबाखू चिमटीने भरणं, दाबणं, पेटवणं, अर्धा तास एका जागी बसणं, सावकाश श्वास घेणं, यात खरोखर विसावा आहे. तो वेगळा काढून बघता येतो. तीन संध्याकाळी तीच वेळ, तीच खुर्ची, हातात चहाचा कप, फोन दुसऱ्या खोलीत; चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं दहा मिनिटं. आधी आणि नंतर बेचैनीला शून्य ते दहा गुण द्या. रोज ओढणाऱ्यांना पहिल्या दिवशी तलफच छळेल, त्यामुळे एका दिवसावरून निकाल लावू नका.

‘चांगला’ पाइप घेऊन धोका टाळता येत नाही. जीभ चुरचुरते ती बहुधा ओली तंबाखू, घट्ट भरणी किंवा घाईघाईचे झुरके यांमुळे, वाफ आणि उष्णता जिभेवर येते म्हणून. तंबाखू थोडी सुकवून सैल भरली की चुरचुर थांबते, पण धूर तंबाखूचाच राहतो. पाइप ब्रायर या झुडपाच्या लाकडाचा असो, मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचा असो की त्यात कोळशाचा फिल्टर असो, कर्करोग त्याने टळत नाही. व्हॅनिला किंवा चेरीच्या वासाची तंबाखू घरच्यांना सुसह्य वाटते, एवढंच. बंद खोलीत त्यांच्या वाट्याला धूर येतोच.

महिन्यातून एकदा आरशासमोर टॉर्च घेऊन तोंड तपासा. ओठ उलटून बघा. दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, तेवढाच काळ बसलेला आवाज यांपैकी काहीही आढळलं, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्यात दिवस घालवू नका. टाळू पांढुरका होऊन त्यावर लाल ठिपके दिसणं हे पाइपच्या उष्णतेचं नेहमीचं लक्षण आहे. तेही दाखवून घ्या.

हृदयविकार, स्टेंट, पक्षाघात होऊन गेलेला, मधुमेह, गर्भारपण किंवा घरात लहान मूल, यांपैकी एक जरी लागू असेल तर वही भरत बसायचं कारण नाही, सोडायलाच हवा.

सोडायचा ठरला तर तारीख धरा आणि पाइप, राखदाणी, उरलेली तंबाखू घराबाहेर काढा. रिकामा पाइप तोंडात धरायचा सल्ला काही जण देतात. आमच्या मते तो तलफेला आमंत्रण देतो. त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतं, पण बरेच जण ते च्युइंगगमसारखं सतत चघळतात आणि मग उचकी, मळमळ होते. सावकाश चघळा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, त्या गेल्या की पुन्हा चघळा. एक गम अर्धा तास चालतं. त्याआधी १५ मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूसरबत नको, आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

धुरामुळे यकृत कॅफीन आणि काही औषधं झपाट्याने मोडतं. धूर थांबला की तीच मात्रा अंगावर येते. म्हणून पहिल्याच दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा, नाहीतर कॅफीनची धडधड तलफ वाटेल. थिओफिलिन (दम्यावरचं), वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं) किंवा क्लोझापिन (मानसिक आजारावरचं) ही औषधं घेणाऱ्यांनी सोडायच्या तारखेआधीच डॉक्टरांना सांगून मात्रा तपासून घ्यावी.