झुकणारी लेन्स आणि इंदूरचा राजवाडा

लेन्सबेबीसारख्या झुकणाऱ्या लेन्समुळे चित्रातला एक गोलसर भाग स्पष्ट राहतो आणि बाकीचे सारे कडांकडे धूसर होत जाते. या लेन्सच्या बहुतेक प्रकारांचा कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क नसतो. म्हणून मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात लेन्सविना शटर चालू देणारा पर्याय आधी सुरू करावा.

सरावासाठी राजवाड्यासारखी दुसरी इमारत नाही, कारण खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असल्याने नजर कुठे थांबवायची हे आपणच ठरवायचे असते. लेन्स लाकडी सज्जाच्या दिशेने वर झुकवावी आणि त्यानंतरच फोकसचे कडे फिरवावे, कारण झुकावाबरोबर फोकसही सरकतो व आधी साधलेला नेमकेपणा वाया जातो. पडद्यावरची प्रतिमा मोठी करून कोरीवकामाची कड तपासावी. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे असताना, स्पष्ट भाग अगदी लहान असतो; एफ/५.६ वर छिद्र लहान होते आणि तो वाढतो. माझ्या मते नवशिक्यांनी एफ/४ पासून आरंभ करावा.

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जिलेबीच्या कढईवर फोकस धरल्यास मागचे दिवे लांबट ओघळतात. तिथे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास ठेवावा. तिपाई मात्र नेऊ नये, वाट अडते.