दार-ए-सलामला बिऱ्हाड हलवताना

टांझानियातल्या नोकरीची तारीख ठरली की घरात पहिली चर्चा निघते ती मसाल्यांची. माझा आग्रह आहे की डबे सगळ्यात शेवटी भरा. त्याआधी तापाची, कागदांची आणि घरी राहणाऱ्या माणसाची तयारी होऊ द्या.

मलेरिया आपण मुंबईत पाहिलेला आहे, या भरवशावर राहू नका. आपल्याकडे व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम हे मलेरियाचे दोन्ही प्रकार आढळतात. तिथे बहुतेक फाल्सिपेरमच असतो आणि लहान मुलांत तो एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, कोणत्या, किती वजनाला किती, हे लिहून घ्या. तिथे गेल्यावर ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहत बसायचं नाही. सुट्टीत पुण्या-नाशिकला आल्यावर कुणाला ताप आला, तर आपण कुठून आलो हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला थांबा असेल, तर हे प्रमाणपत्र मागू शकतात, म्हणून हे काम लवकर उरकून घ्या. आणखी एक गोष्ट, जी कुणी सहसा सांगत नाही: बाहेर वाळत घातलेले कपडे, विशेषतः बाळाचे, इस्त्री केल्याशिवाय वापरू नका. तिकडची एक माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात.

कागदांचं थोडक्यात. नोकरी करणाऱ्याला ब वर्गाचा निवास परवाना आणि कुटुंबाला अवलंबितांचा पास. मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, शाळेचे निकाल आणि लसीकरणाची नोंद, सगळं इंग्रजीत हवं. नावांची अक्षरं पासपोर्टशी जुळतात का, हे आजच पाहा.

घर बघताना दोन-तीन प्रश्न विचाराच. पाण्याची टाकी किती मोठी आहे, वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि भाडं किती महिन्यांचं आगाऊ द्यायचं? सहा महिन्यांचं, कधी वर्षाचंही एकरकमी मागतात, तेवढे पैसे हाताशी ठेवा. विजेचं मीटर प्रीपेड असतं, त्याला ‘लुकू’ म्हणतात. पैसे भरले की वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरमध्ये टाकायचा. नळाचं पाणी गाळून उकळूनच प्यायचं. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला ‘मसिका’ म्हणतात. त्या दिवसांत म्सिम्बाझी नदीला पूर आला की जांगवानीचा रस्ता बंद होतो. म्हणून घर आणि शाळा नदीच्या एकाच बाजूला असतील तर फार बरं. माझी पसंती उपांगा या भागाला. भारतीय वस्ती जुनी आहे, किसुटूचा भाजीबाजार आणि देवळं जवळ आहेत. मसाकी मोकळं आणि समुद्राकाठी आहे, पण महाग.

आता डबे. तूरडाळ नेऊ नका, टांझानियाचीच तूर भारतात येते. नाचणी तिथे ‘उलेझी’ नावाने मिळते आणि ज्वारी ‘म्तामा’ नावाने, म्हणजे भाकरीची सोय झाली. माठासारखी ‘म्चिचा’ची भाजी, नारळ, आणि ‘फेरी’ नावाच्या मासळीबाजारात सुरमई, तिला ‘न्गुरू’ म्हणतात. न्यायचं ते गोडा मसाला, आमसुलं, भाजणी. हे सगळं कापडी पिशव्यांत भरा, कारण १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्या देशात आणायला बंदी आहे. मिक्सर चालेल, पण तिथले प्लग चौकोनी पिनांचे असतात. विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून स्टॅबिलायझर घ्या.

वेळ ठरवताना जपा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. कामवाल्या बाईंना किंवा ड्रायव्हरला वेळ सांगताना दोनदा खात्री करून घ्या. मुलांना वडीलधाऱ्यांसाठीचं ‘शिकामो’ हे अभिवादन निघण्याआधीच शिकवा. शेजारच्या आजी उत्तरादाखल ‘मराहाबा’ म्हणून जवळ करतील. रिक्षाला तिथे ‘बजाजी’च म्हणतात. भाडं बसण्याआधी ठरवा. ‘बोडाबोडा’ मोटारसायकलवर मात्र मुलांना बसवू नका.

घरी राहणाऱ्या जोडीदाराची तयारी बहुतेक याद्यांत नसतेच. अवलंबितांच्या पासवर नोकरी करता येत नाही. इथे बँकेत किंवा शाळेत नोकरी केलेली बाई तिथे अचानक दिवसभर घरात एकटी पडते. नवऱ्याच्या ऑफिसची माणसं असतात, मुलांना वर्ग असतो, तिला कुणीच नसतं. म्हणून पहिल्याच महिन्यात तिच्यासाठी स्वाहिलीचा वर्ग लावा. मोबाइलवरून पैसे देण्याचं खातं तिच्या स्वतःच्या नावाचं उघडा. बाजाराला आणि दवाखान्यात जायची वाट तिने एकटीने एकदा करून पाहावी. आई-वडिलांच्या फोनची वेळही तिच्या सोयीने ठरवा. वेळेत अडीच तासांचा फरक आहे, तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इकडचे साडेनऊ, तेव्हा तिकडच्या साडेपाचचा, म्हणजे इकडच्या आठचा फोन दोन्ही घरांना जमतो.