स्टेप २ चे गुण कमी आले असतील, तर मॅचसाठी दुसऱ्या खेपेची तयारी

अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण, हवे असेल तर यूएसएमएलई ही परीक्षा टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. तिच्या स्टेप २ सीके या टप्प्यात २०२३ साली मला २२१ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्याची रेषा तेव्हा २१४ होती आणि जुलै २०२५ पासून ती २१८ झाली आहे, तेव्हा माझे गुण कुठे बसतात ते सांगायला नको. ही परीक्षा एकदा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा देता येत नाही, आणि जानेवारी २०२२ पासून स्टेप १ मध्ये केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच कळत असल्यामुळे अर्ज चाळणाऱ्याच्या नजरेसमोर हाच एक आकडा राहतो. मॅच म्हणजे अर्जदार आणि प्रशिक्षणाच्या जागा यांची दरवर्षी होणारी जुळणी. मार्च २०२४ मध्ये मॅचच्या आठवड्यातील सोमवारी मी अनमॅच्ड, म्हणजे जागेविना, राहिल्याचा ईमेल आला. त्या वर्षी मी गुणांना पुष्कळ दोष दिला. खरा घोटाळा मात्र शिफारसपत्रांत झाला होता आणि तो सर्वस्वी माझ्या हातून झाला होता. इंटर्नल मेडिसिनसाठी दुसऱ्यांदा अर्ज करताना जी यादी स्वतःसाठी केली होती, ती येथे सविस्तर मांडतो.

पारपत्र, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, परदेशी पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेकडून अर्जासाठी मिळणारे टोकन आणि छायाचित्र यांविषयी लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते. नावाबद्दल मात्र एक वाक्य लिहितो: आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि पारपत्रावर त्याचा रकाना वेगळा असतो, म्हणून पदवी, पारपत्र आणि ईसीएफएमजीची नोंद ही तिन्ही नावे एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि लग्नानंतर नाव बदललेले असेल तर हे काम सर्वांत आधी करावे. महाविद्यालयाकडून येणारे अधिष्ठात्यांचे पत्र आणि गुणांचा उतारा यांसाठी जूनमध्येच अर्ज द्यावा. आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय तेथून उठू नये, कारण ‘साहेब रजेवर आहेत’ या उत्तरात सहज तीन आठवडे जातात.

आता शिफारसपत्रे. इरास या अर्जाच्या पोर्टलवर पत्र देणाऱ्या डॉक्टरांची नोंद करावी लागते, त्यातून एक क्रमांक असलेला विनंतीचा कागद तयार होतो, तो त्यांना पाठवायचा असतो आणि ते स्वतः पत्र पोर्टलवर चढवतात. पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करावी. ती न केल्यास वाचणाऱ्याचा पत्रावरचा विश्वास कमी होतो. एका प्रोग्रॅमला, म्हणजे एका रुग्णालयातील प्रशिक्षणक्रमाला, जास्तीत जास्त चार पत्रे जातात. येथपर्यंत मी सर्व बिनचूक केले होते. ओहायोतील एका रुग्णालयात आठ आठवडे ज्यांच्याबरोबर राउंड घेतले, त्या डॉक्टरांचे पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर आले, त्यापुढे ‘अपलोडेड’ असे दिसले आणि मी निश्चिंत झालो. पत्र पोर्टलवर आले म्हणजे प्रोग्रॅमकडे पोहोचले, असे मी गृहीत धरले होते, आणि ते साफ चुकीचे होते. प्रत्येक पत्र प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतः असाइन करावे, म्हणजे जोडावे, लागते. १३२ प्रोग्रॅमना माझ्या महाविद्यालयातील प्राध्यापकांची तीन पत्रे गेली होती आणि चौथी जागा रिकामी होती. ज्या पत्रामुळे २२१ कडे कोणी दुर्लक्ष केले असते, ते पत्र जानेवारीपर्यंत एकाही प्रोग्रॅमला दिसले नाही. त्या हंगामातील माझ्या दोन मुलाखतींपैकी दुसरीत विचारले गेले, ‘अमेरिकेतील एकही पत्र का नाही?’ तेव्हा मला उलगडा झाला.

म्हणून पुन्हा लिहितो: अपलोड झालेले पत्र आणि असाइन केलेले पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज आधी पाठवला असला तरी उशिरा आलेले पत्र नंतर असाइन करता येते, पण त्यासाठी चौथी जागा मोकळी ठेवलेली असली पाहिजे. भारतातील चार पत्रांनी चारही जागा भरून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा.

स्टेप ३ या शेवटच्या टप्प्याचा विचार गुण कमी असणाऱ्याने गंभीरपणे करावा. ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच ती देता येते, ती दोन दिवस चालते आणि अमेरिकेतच द्यावी लागते, म्हणून ऑब्झर्व्हरशिपच्याच, म्हणजे तेथील डॉक्टरांबरोबर राहून काम पाहण्याच्या, फेरीत ती उरकणे खिशाला परवडते. मात्र तयारी अर्धवट असेल तर देऊ नये. कमी गुणांकडे काही प्रोग्रॅम कानाडोळा करतात, अनुत्तीर्ण झाल्याची नोंद मात्र उताऱ्यावर कायम राहते आणि अनेक ठिकाणची चाळणी तेवढ्यावरच अर्ज बाजूला टाकते. मी ती मे २०२४ मध्ये दिली आणि दुसऱ्या खेपेच्या अर्जात तिचा निकाल पहिल्या दिवसापासून होता. ऑब्झर्व्हरशिपविषयी एवढेच सांगतो की न्यू जर्सीत मावशीकडे राहण्याची सोय आहे म्हणून तेथील कोणत्याही दवाखान्यात महिना काढण्यापेक्षा, ज्यांच्या हाताखाली रेसिडेंट शिकतात अशा डॉक्टरांकडे चार आठवडे भाड्याच्या खोलीत राहून काढावेत. पत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला रुग्णाविषयी बोलताना ऐकलेले असले पाहिजे.

प्रोग्रॅम निवडताना पहिल्या खेपेस मी सरसकट अर्ज केले होते. दुसऱ्या खेपेस प्रत्येक प्रोग्रॅमचे संकेतस्थळ आणि फ्रीडा हा प्रोग्रॅमच्या माहितीचा संग्रह उघडून चार गोष्टी तक्त्यात लिहिल्या: स्टेप २ ची किमान अपेक्षा, पदवीनंतर किती वर्षे चालतात, कोणता व्हिसा देतात, आणि सध्याच्या रेसिडेंटांत परदेशी महाविद्यालयांतून आलेले किती आहेत. या चौथ्या रकान्यावर माझा सर्वाधिक भरवसा होता, कारण ‘आम्ही सर्वांचे स्वागत करतो’ असे लिहिणाऱ्या कित्येक ठिकाणी रेसिडेंटांच्या छायाचित्रांत आपल्यासारखा एकही जण दिसत नाही. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. तेव्हा जेथे आपला अर्ज पहिल्याच चाळणीत गळणार, तेथे पैसे घालू नयेत. त्या हंगामात पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर असा दर होता. माझे ८४ अर्ज १,९५० डॉलरना पडले. त्याच हंगामात इंटर्नल मेडिसिनसाठी ३ सोनेरी आणि १२ रुपेरी असे १५ सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅमला आपली विशेष पसंती कळवण्याच्या खुणा, मिळत होते. ते नामांकित विद्यापीठांवर उधळण्याऐवजी मी माझ्या गुणांच्या आवाक्यातील सामुदायिक रुग्णालयांना दिले, आणि माझ्या बहुतेक मुलाखती तेथूनच आल्या.

अनुभवाच्या दहा रकान्यांत संशोधनाची भरताड करण्यापूर्वी आपल्या बाँडच्या वर्षाकडे पाहावे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेले वर्ष आपल्याला सक्तीचे आणि कंटाळवाणे वाटते, पण सर्पदंशाचा रुग्ण, रात्रीची प्रसूती आणि एकट्याने चालवलेली ओपीडी यांचा अर्थ अमेरिकेतील डॉक्टरांना नीट कळतो. ‘बाँड’ हा शब्द मात्र त्यांना कळत नाही, म्हणून तो न वापरता किती लोकसंख्येसाठी किती डॉक्टर होते आणि रोज किती रुग्ण तपासले, ते आकड्यांत लिहावे. वैयक्तिक निवेदनात गुणांची माफी मागू नये. परीक्षेच्या काळात घरी कोणी आजारी असेल तर एका वाक्यात तसे लिहावे, नसेल तर काहीच लिहू नये. आणि हे निवेदनही प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे असाइन करावे लागते.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी प्रोग्रॅम अर्ज पाहू लागतात, त्यामुळे अर्ज त्याआधी गेलेला असावा. अर्ज पाठवल्यावर एक संध्याकाळ मोकळी ठेवून प्रत्येक प्रोग्रॅम उघडावा आणि त्यापुढे कोणती पत्रे असाइन झाली आहेत, ते तक्त्यात लिहून घ्यावे. ८४ प्रोग्रॅम असतील तर ८४ वेळा उघडावेत. पाच प्रोग्रॅम पाहून उरलेलेही तसेच असतील असे मानू नये. मी तसे मानले होते. नवे पत्र आले की हीच फेरी पुन्हा करावी. मित्राला शेजारी बसवून करावी, म्हणजे डोळे मिटले तरी कोणीतरी जागे असते.

मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी चालतात आणि बहुतेक पडद्यावरच होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३० असतात ते ७.३० होतात. गुणांविषयी विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्यावे: काय कमी पडले आणि त्यानंतर काय केले. तिसरे वाक्य सुरू झाले की ते रडगाणे होते.

अर्ज घेणारे इरास आणि मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था वेगळी असल्याने एनआरएमपीची नोंदणी स्वतंत्रपणे ३१ जानेवारीपूर्वी करावी. रँक यादी, म्हणजे प्रोग्रॅमचा पसंतिक्रम, आपल्या खऱ्या पसंतीनेच लावावी. जुळणीची पद्धत अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होते, तेव्हा ‘ते मला घेतील का’ असा हिशेब करून क्रम बदलल्यास तोटा आपलाच होतो. यादी सर्टिफाय, म्हणजे पक्की, करावी. सोपची, म्हणजे मॅचमध्ये उरलेल्या जागांसाठीच्या फेरीची, वेळ आलीच तर ४५ अर्ज करता येतात. प्रोग्रॅमने आधी संपर्क साधल्याशिवाय आपण फोन करणे नियमाबाहेरचे आहे, कोणी ओळखीचे असले तरीही. आणि सोपमध्येही पत्रे असाइन करावीच लागतात.

जागा मिळाल्यावर जे-१ या व्हिसासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते, त्याचा अर्ज त्याच आठवड्यात करावा. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस या व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे बंद होते आणि १ जुलैला रुजू व्हायचे होते, म्हणून वेळ मिळेल त्या दिवशी घ्यावी, मुहूर्त पाहू नये. लसीकरणाची कागदपत्रे आणि दातांची तपासणी निघण्यापूर्वी येथेच उरकावी.