टीव्ही ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सात-आठ वर्षांचा टीव्ही ऐन मॅचच्या वेळी काळा पडतो. आवाज मात्र चालूच. घरात निकाल लागतो : गेला, आता नवीन बघा.

थांबा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. आत पुसटशी माणसं हलताना दिसली, तर पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, जिवंत आहे. गेलाय तो बॅकलाइट, म्हणजे त्याला मागून उजेड देणारे दिवे. त्यातले एलईडी बहुधा गणपतीच्या जुन्या माळांसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक तुटला की अख्खी माळ विझते. एलईडीच्या या पट्ट्या बदलता येतात, आणि खर्च नव्या टीव्हीच्या मानाने किरकोळ. फक्त मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज काही वेळ शिल्लक असते.

एलईडीचं आयुष्य साधारण ५०,००० तास धरतात, म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे तास. रोज पाच तास पाहिलं तर हिशेब २७ वर्षांचा होतो. प्रत्यक्षात बरेचसे टीव्ही सात ते दहा वर्षांत काढले जातात. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला भडक ‘व्हिव्हिड’ मोड आपण घरीही तसाच चालू ठेवतो, हे त्याचं एक कारण. त्यात बॅकलाइट पूर्ण जोरात चालतो, पट्ट्या तापतात आणि लवकर जळतात. १०x१२च्या खोलीत एवढा उजेड लागतो कुणाला? बॅकलाइट निम्म्याच्या आसपास आणा, डोळ्यांनाही बरं वाटेल.

मुंबईची खास चूक म्हणजे भिंत. आम्ही माहीमला राहायचो तेव्हा टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून लावला होता. जुलैत तिथे हात लावला की ओल जाणवायची. खारी हवा आणि ओल मिळून आतल्या जोडण्यांवर गंज चढवतात. तिसऱ्या पावसाळ्यात उभ्या रेषा आल्या, त्या गेल्याच नाहीत. टीव्ही आतल्या कोरड्या भिंतीवर लावा, मागे चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवला तरी आतल्या उबेने ओल धरत नाही.

दिवाळीची साफसफाई हाही टीव्हीचा शत्रू. पडद्यावर फवारलेलं पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि पुष्कळ टीव्हींमध्ये तिथेच पॅनेलच्या नाजूक जोडण्या असतात. कोरडं मायक्रोफायबर पुरे.

अॅप हळू चालतात म्हणून चांगला पडदा भंगारात देणं तर हास्यास्पदच. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत अॅप चालवणारी एक स्टिक लावा.

पॅनेल फुटलं किंवा रेषा पसरत चालल्या, तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका. नवं पॅनेल बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातं. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये द्या. नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात, पण दारावरच्या भंगारवाल्याला नको. एलईडीच्या आधीच्या एलसीडी टीव्हींच्या ट्यूबमध्ये पारा असतो, आणि तो माणूस ते उघड्या हातांनी फोडतो.